उरलेले चाळीस टक्के कुणी पुसले?

मा. संपादक यांस,


एक नोव्हेंबर जवळ आला की आपल्या भागात दोन तयाऱ्या एकदम सुरू होतात. एकीकडं राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडं काळ्या दिनाची फेरी. 1956 पासून हे चाललंय. आमच्या वडिलांनी बघितलं, आम्ही बघतोय, आता आमची मुलं बघताहेत. त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहून येतं. मला मात्र उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांबद्दल लिहायचंय, आणि तेही दुकानाच्या पाटीबद्दल.

निपाणीत माझं वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान आहे. जुनी पाटी गंजली होती आणि नवा नियमही आला होता, म्हणून नवी पाटी करायला टाकली. बोर्ड छापणारा पोरगा संगणकावर नमुना दाखवत म्हणाला, "काका, वर कन्नड मोठं घेतलंय, खाली इंग्लिश टाकलंय. नियमात बसतंय बघा." मी विचारलं, "आणि मराठी?" तो म्हणाला, "मराठी आता कोण टाकत न्हाई. सगळ्यांचं असंच केलंय." हे सांगणारा पोरगा मराठीच. घरात मराठी, दोस्तांत मराठी, माझ्याशी बोलला तेही मराठीतच.

संध्याकाळी दुकान बंद करून बाजारातून सहज एक चक्कर मारली. पोरगा खरं बोलत होता. बऱ्याच नव्या पाट्यांवर वर कन्नड आणि खाली इंग्रजी. दुकानदार आपलाच, गिऱ्हाईक आपलंच, भाव करायची भाषा मराठी, पण पाटीवर मराठीचा पत्ता नाही. हे सरकारनं केलं असं आपण म्हणतो. म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते बघू.

कर्नाटकात कन्नड भाषा सर्वांगीण विकास कायदा आहे. डिसेंबर 2023 मध्ये बंगळूरला पाट्यांवरून मोठं आंदोलन झालं, इंग्रजी पाट्यांची मोडतोड झाली, कर्नाटक रक्षण वेदिकेच्या अध्यक्षांना अटकही झाली. त्यानंतर सरकारनं या कायद्यात दुरुस्ती करायचं ठरवलं. जानेवारी 2024 मध्ये वटहुकूम काढला, तो राज्यपालांनी परत पाठवला आणि विधिमंडळातून मंजूर करून घ्या म्हणाले. फेब्रुवारीत तसं विधेयक मंजूर झालं. त्यानुसार पाटीवर साठ टक्के कन्नड हवं आणि ते वरच्या भागात हवं. हा नियम फक्त दुकानांना नाही. हॉटेलं, दवाखाने, प्रयोगशाळा, विश्वस्त संस्था सगळ्यांना आहे. म्हणजे आपल्या समाजाच्या संस्थांनाही तो लागू होतो, हे ध्यानात असू द्या.

आता उरले चाळीस टक्के. त्या जागेत कुठली भाषा लिहायची हे कायदा सांगत नाही. मराठी लिहू नका असंही तो म्हणत नाही. साठ टक्के कायद्यानं कन्नडला दिले हे खरं. पण उरलेले चाळीस इंग्रजीला कुणी दिले? ते आपणच दिले. कुणाला भीती वाटली, कुणी शेजाऱ्याचं बघून केलं, कुणाला इंग्रजी म्हणजे जरा वरचं वाटलं, आणि बऱ्याच जणांनी छापणाऱ्याला विचारलंच नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्याच मुद्द्यावर आहे.

कुणी म्हणेल, मुळात कन्नडची सक्तीच कशाला? तर जरा सीमेपलीकडं बघा. निपाणीतून कागल किती लांब? चहा पिऊन जाऊन यावं इतकंच. तिथं महाराष्ट्राचा कायदा. 2022 मध्ये त्यांनी दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली. त्याआधी दहापेक्षा कमी कामगार असलेली लहान दुकानं सुटत होती, ती सूट गेली. देवनागरीत मराठी हवं आणि इतर भाषेची अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत, असा नियम झाला. मुंबईचे व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं सप्टेंबर 2023 मध्ये त्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. तेव्हा आपण इकडं बसून टाळ्या वाजवल्या. मुंबईत मराठीसाठी जे योग्य वाटतं ते बेळगावात कन्नडसाठी अन्याय कसं होतं? आणि जतला, अक्कलकोटला कन्नड बोलणारा दुकानदार आहे, त्याच्या मनात काय येत असेल? तो तिकडचा आपणच आहे. एका हातानं मापायचं आणि दुसऱ्या हातानं तोलायचं, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून कन्नड पुसा असं मी म्हणत नाही. मागणी अशी असावी: राज्याची भाषा वर असू द्या, पण तिच्या खाली आमची भाषा राहू द्या. ही मागणी हवेत नाही. तिला आधार आहे, आणि तो आधार महाराष्ट्रातूनच आलाय.

अकोला जिल्ह्यात पातूर नावाचं गाव आहे. तिथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर वर मराठी आणि खाली उर्दू. एका माजी नगरसेविकेनं हरकत घेतली की मराठीशिवाय दुसरी भाषा चालणार नाही. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. 15 एप्रिल 2025 रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी हरकत फेटाळली. राज्याची भाषा असताना तिच्या जोडीला लोकांना समजणारी दुसरी भाषा वापरली तर कायदा मोडत नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा ही लोकांना जोडायला असते, असा त्या निकालाचा आशय. हा निकाल महाराष्ट्राच्या कायद्यावर आहे, कर्नाटकाचा कायदा वेगळा, हे मान्य. पण ज्या विचारानं पातूरची उर्दू वाचली, तोच विचार निपाणीच्या मराठीला आणि अक्कलकोटच्या कन्नडला लागू पडतो. पातूरच्या उर्दूवर नाक मुरडायचं आणि बेळगावच्या मराठीसाठी रडायचं, हे दोन्ही एकदम जमणार नाही.

दुसरा मुद्दा सरकारी कागदांचा. पाटी आपल्या हातात आहे, पण नोटीस, अर्ज, करपावती आपल्या हातात नाही. आमच्या गल्लीतली एक मावशी विड्या वळते. तिला कन्नड कागद आला की ती माझ्या दुकानात येते. मला अक्षर लागतं, पण कायद्याचं कन्नड मलाही समजत नाही. मग आम्ही दोघं शाळेतून येणाऱ्या पोराची वाट बघत बसतो. कागदावर मुदत असते, दंड असतो, कधी पेन्शनचा प्रश्न असतो. इथं भाषा अभिमानाची राहत नाही, ती पोटाची होते.

ज्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं धोरण देशपातळीवर मान्य झालेलं आहे. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे साधारण अठरा ते एकोणीस टक्के होते. निपाणी, खानापूर भागात तर प्रमाण याहून कितीतरी जास्त. हे धोरण कायद्याइतकं पक्कं नाही, म्हणूनच ते कागदावर राहतं. पण राज्यघटनेचं कलम 350 पक्कं आहे: देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत सरकारकडं तक्रारीचा अर्ज देता येतो. 350 ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमलेला असतो. आपल्यापैकी किती जणांनी त्याच्याकडं एक साधं पत्र टाकलंय? आपण मोर्चाला जातो, पण पोस्टात जात नाही.

सरकारलाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. साठ टक्के कसं मोजायचं, अक्षरांवर की जागेवर, हे लहान दुकानदाराला कुणी समजावत नाही. पालिकेच्या दारात एक नमुना पाटी लावा, आकडे घालून, कन्नड आणि मराठी दोन्हीत. अर्धी भीती तिथंच जाईल. आणि पाटी तपासणं हे अधिकाऱ्याचं काम आहे. डांबराचा डबा घेऊन फिरणाऱ्याचं ते काम नव्हे, तो कुठल्याही रंगाचा झेंडा घेतलेला असो.

डिसेंबर 2022 मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासलं. फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा बसगाड्या थांबल्या. बस थांबली की मंत्री अडकत नाही. अडकतो तो कोल्हापूरला दवाखान्यात निघालेला पेशंट, टोपली घेतलेली भाजीवाली, आणि सासरी परत निघालेली लेक.

राजकारणाचंही थोडं खरं बोलूया. महाजन आयोगानं 1967 मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं होतं, बेळगाव शहर कर्नाटकात ठेवलं होतं. तो अहवाल महाराष्ट्रानं नाकारला. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो दावा चालू दे, त्याच्या निकालाचा मान सगळे ठेवतील. पण 2018 आणि 2023 च्या विधानसभेत एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. लोकांचं मराठीवरचं प्रेम आटलं असं मला वाटत नाही. त्यांना रस्ता, पाणी, पोरांची नोकरी हेही हवंय आणि ते मागायला ते दुसऱ्या दारात गेले. ज्यांना आपण मतं दिली त्या आमदार-खासदारांना मग मराठी नोटिशीबद्दल विचारायचा हक्क आपल्याला नाही का? मत मागताना त्यांची पत्रकं बरोबर मराठीत छापून येतात की!

आणि आमच्या निपाणीनं एक गोष्ट फार पूर्वी दाखवली आहे. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागं शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले तेव्हा त्यांत मराठी बोलणारे होते आणि कन्नड बोलणारेही होते. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी प्राणाला मुकले. गोळीनं भाषा विचारली नाही.

आपल्या मंडळीत तर हे नवं नाहीच. कितीतरी घरांत आई मराठी, बाप कन्नड. लग्नपत्रिका दोन भाषांत निघते आणि त्यावरून कुणी भांडत नाही. आपण मराठी शास्त्र उघडतो, ते काढणाऱ्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मुख्य कार्यालय बंगळूरला आहे. म्हणून हा विषय शेजाऱ्यांना समजावून सांगायला आपण जरा सोयीच्या जागी आहोत असं मला वाटतं.

तेव्हा विनंती एवढीच. नवी पाटी करताना कन्नड वर, बरोबर आणि मोठं लिहा. संगणकानं दिलेलं जसंच्या तसं घेऊ नका, जाणकाराकडून तपासून घ्या, नाहीतर शेजारी हसतील. खाली मराठी लिहा. इंग्रजी हवंच असेल तर शेवटी, लहान. कुणी हरकत घेतली तर वाद न घालता "लेखी द्या" म्हणा. आणि कन्नड कागद समजला नाही तर गप्प न बसता मराठीत अर्ज टाका आणि त्याची पोच घ्या.

माझी पाटी परत करून घेतली. कन्नड नावात काना-मात्रेच्या दोन चुका होत्या, त्या माझ्या मुलीनं काढल्या. ती कन्नड शिकली म्हणून मराठी विसरली नाही. पाटी बसवताना तो छापणारा पोरगा शिडीवरून म्हणाला, "काका, चांगली दिसतीय की!" पुढच्या गिऱ्हाइकाला तो निदान विचारील, मराठी टाकू का म्हणून. तेवढं झालं तरी पुष्कळ झालं.

आपला,
निपाणीतील एक दुकानदार वाचक