बुवा काय म्हणाले?

आमच्या घनसावंगीत सप्ताहाच्या कीर्तनाहून परतले की आई विचारते, "बुवा काय म्हणाले?" यंदा मी निरुत्तर! बसलो होतो पहिल्या रांगेत. मृदंगाने छाती हादरली. पण अभंगाचा एक चरण धड कानी पडला असेल तर शपथ! कर्णेवाला मात्र ऐटीत सांगतो, "आवाज दोन कोस जातो!"

जातो हो; पण काय जाते? ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. मांडवाच्या दोन टोकांना ३४ मीटरवर कर्णे टांगले, की एकापाशी बसलेल्याला दुसऱ्याचा शब्द सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने मागाहून येतो आणि पुढच्या शब्दावर चढतो. वर यंत्राचा घुमारा! व्यंजने मुळातच नाजूक. ती बुडतात, स्वर तेवढे तरंगतात. मग 'राम' काय नि 'काम' काय, सारखेच! ज्या तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली समर्थ जन्मले, तिथे हा भेद कळू नये?

कर्णे बुवांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून लावा, शिट्टी थांबेल. आवाज उतरवा. आणि माझी वर्गणी त्या घुमाऱ्याच्या खटक्यापाशी अडली आहे, हे मंडळींनी समजून असावे.