दर्शनाला की बघायला?

आमच्या वर्गाची सहल गोव्याला जायची ठरली तेव्हा सर्वांत जास्त आनंद मलाच झाला असेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. समुद्र अजून पाहिलेला नाही. सहल समितीच्या बैठकीत फळ्यावर कार्यक्रम लिहिला गेला : रविवार, सकाळी नऊ ते पावणेदहा, जुन्या गोव्यातील चर्च, नंतर मंगेशी, दुपारपासून समुद्रकिनारा. मी उठून म्हणालो, "रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना चालू असणार. अशा वेळी आपण चाळीस जणांनी आत घुसणे बरे दिसेल का?" मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, बाप्तिस्मा घेतलास की काय?" सगळे हसले. मीही हसलो आणि खाली बसलो. त्या वेळी जे सुचले नाही ते आता लिहितो.

माझे वडील दरवर्षी आमच्या गावच्या दिंडीबरोबर पंढरीला चालत जातात. एका वर्षी मीही गेलो होतो. दुपारच्या विसाव्याला पालखी थांबली आणि वडिलांनी पादुकांपुढे डोके टेकले. शहरातून मोटारीने आलेली काही मंडळी फोटो काढत होती. त्यांतला एकजण म्हणाला, "काका, परत एकदा टेका ना, नीट आला नाही." वडिलांनी मुकाट्याने परत डोके टेकले. तो माणूस वाईट नव्हता, जाताना त्याने आम्हाला केळीही दिली. पण दुसऱ्यांदा वडील विठोबापुढे वाकले नव्हते, कॅमेऱ्यापुढे वाकले होते. ती गोष्ट मी आजतागायत विसरलेलो नाही. आपण गोव्याला जाऊन नेमके हेच करणार असू, तर मग त्या माणसावर रागावण्याचा मला काय अधिकार?

बॉम जेझस बासिलिकेचा पाया १५९४ साली घातला गेला आणि १६०५ साली तिचे पवित्रीकरण झाले. गोव्यातील बहुतेक चर्च पांढरीशुभ्र असतात. हिचा गिलावा मात्र विसाव्या शतकात काढून टाकला, त्यामुळे जांभा दगड उघडा दिसतो. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष चांदीच्या पेटीत, संगमरवरी चौथऱ्यावर उंच ठेवलेले आहेत. ते ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनजवळच्या बेटावर वारले. त्यांचे फेस्त अजूनही त्याच तारखेला भरते, आणि त्याआधी नऊ दिवस प्रार्थना चालतात. साधारण दर दहा वर्षांनी अवशेष दर्शनासाठी खाली आणतात. मागचे दर्शन २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत होते. गोव्याची माणसे त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात. म्हणजे ही वास्तू काही म्युझियम नव्हे. तेथे आजही कोकणीतून मिसा होते, गुडघे टेकले जातात, नवस बोलले जातात. आपल्याकडच्या देवळात जे चालते तेच तेथेही चालते.

माझ्या एका मित्राचा आक्षेप जरा निराळा आहे. तो म्हणतो, "ज्यांनी आपली देवळे पाडली, त्यांच्या चर्चचा एवढा मान कशाला?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले. त्याच साली कुठ्ठाळीचा मंगेश खाडीपलीकडे प्रियोळला हलवावा लागला. आपण ज्या मंगेशीला जाणार, तिची कथा ती हीच. ही कथा दडवू नये. इतिहासाच्या सरांनी ती बसमध्येच सांगावी. पण १५६० चा जाब आज बाकावर बसून जपमाळ ओढणाऱ्या म्हातारीला कसा विचारणार? शिवाय त्याच काळात, त्याच भूमीत, इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सने मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. मराठीच्या विद्यार्थ्यांना तरी हे परके वाटू नये.

तेव्हा सहल समितीला माझ्या चार साध्या सूचना आहेत. एक, रविवारचा क्रम उलटा करावा : सकाळी मंगेशी, दुपारी जुने गोवे. तोवर सकाळच्या मिसा आटोपलेल्या असतात. दोन, मंगेशीला जाताना जसे कपडे घालू तसेच चर्चमध्येही घालावेत. समुद्रावरची अर्धी चड्डी समुद्रावरच शोभते. तीन, आत कोणी प्रार्थना करीत असेल तर त्याचा फोटो घेऊ नये, आणि वेदीपुढे उभे राहून आपलाही काढू नये. ज्यांना फोटोची हौस आहे त्यांच्यासाठी जवळच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चचा पडका मनोरा आहे. ते चर्च एकोणिसाव्या शतकातच ओस पडले, तेथे कोणाच्या प्रार्थनेत व्यत्यय येणार नाही. चार, पाऊण तासाऐवजी निदान दोन तास ठेवावेत. समोरच से कॅथेड्रल आहे. १५६२ साली सुरू झालेले त्याचे बांधकाम १६१९ साली पुरे झाले. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. जी इमारत उभारायला सत्तावन्न वर्षे लागली ती आपण धावत पाहायची, म्हणजे नुसते 'पाहिले' म्हणून खूण करण्यासारखे झाले.

समुद्रावरचा वेळ यामुळे कमी होईल, हे मला कळते. समुद्र पाहायला मीही उतावीळ झालो आहे. पण तो दुसऱ्या दिवशीही तेथेच असणार.

बाप्तिस्मा मी घेतलेला नाही. मी माळकरी बापाचा मुलगा आहे, आणि म्हणूनच हे सुचवीत आहे.

— द्वितीय वर्ष, कला