धनी नसलेल्या जनावराचा रोग

गोठ्यातील बैलाने चारा सोडला की त्याची वार्ता दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचते. रानातील हरिण आठवडाभर लाळ गाळीत फिरले, तरी ती कोठेही पोहोचत नाही. हा भेद भूतदयेचा नव्हे, मालकीचा आहे. बैलामागे धनी असतो. धन्यामागे पेरणीची घाई आणि सोसायटीचे कर्ज असते. हरणाच्या मृत्यूने मात्र कोणाच्याच खतावणीत तूट येत नाही. ज्या हानीला धनी नाही तिची नोंद होत नाही आणि ज्या रोगाची नोंद नाही त्याचा बंदोबस्त होत नाही, हा अर्थव्यवहारातील साधा नियम वन्य प्राण्यांच्या साथींना तंतोतंत लागू पडतो. ज्याच्या शिवारांतून रोह्यांचे आणि हरणांचे कळप फिरतात, त्या मेहकर तालुक्याने आणि एकंदर बुलढाणा जिल्ह्याने या नियमाचा वेळीच विचार करणे अगत्याचे आहे.

या नियमाचे सर्वांत महाग प्रात्यक्षिक उत्तर अमेरिकेत घडले आहे. तेथील हरणांना ग्रासणाऱ्या रोगाला इंग्रजीत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ म्हणतात. मराठीत त्याला झिजरोग म्हणता येईल. १९६७ मध्ये कोलोरॅडो राज्यातील एका संशोधन केंद्रात बंदिस्त ठेवलेली हरणे खंगून मरू लागली. मेंदूला स्पंजाप्रमाणे छिद्रे पाडणारा हा रोग आहे, हे निश्चित होण्यास १९७८ साल उजाडले. १९८१ मध्ये तो रानातील एल्क या मोठ्या हरणात आढळला. आज अमेरिकेतील तीसहून अधिक राज्यांत आणि कॅनडाच्या काही प्रांतांत त्याने ठाण मांडले आहे.

हा रोग जंतूने किंवा विषाणूने होत नाही. शरीरातीलच एका प्रथिनाची घडी बिघडते आणि ते बिघडलेले प्रथिन इतरांनाही बिघडवीत जाते. शास्त्रज्ञ त्याला प्रायॉन म्हणतात. ते लाळेतून, मूत्रातून, विष्ठेतून आणि कुजलेल्या शवातून मातीत मिसळते आणि तेथे वर्षानुवर्षे टिकून राहते. लागण झालेले हरिण दीड-दोन वर्षे धडधाकट दिसते आणि त्या काळातही रोग पसरवीत असते. यावर लस नाही आणि उपचारही नाही. माणसाला हा रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि गाईंच्या अशाच रोगाचा माणसातील एका प्राणघातक विकाराशी संबंध असावा, हे १९९६ मध्ये ब्रिटनला जाहीर करावे लागले होते, याचा विसर कोणाला पडलेला नाही. कॅनडातून आणलेल्या एल्कबरोबर हा रोग दक्षिण कोरियात गेला. २०१६ मध्ये तो नॉर्वेतील रानटी रेनडिअरमध्ये सापडला, तेव्हा त्या सरकारने सुमारे दोन हजार जनावरांचा संपूर्ण कळप नष्ट केला. तरीही २०२० मध्ये शेजारच्या हार्डांगरव्हिडा पठारावर तो पुन्हा आढळलाच. माती एकदा दूषित झाली की पैसा, शास्त्र आणि शासन ही तिन्ही हतबल होतात.

भारतात या रोगाची नोंद नाही. मग त्याची चर्चा मेहकरात कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर रोगात नसून तो शोधण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत हरणांच्या रोगाची पाहणी बव्हंशी शिकाऱ्यांच्या आधाराने चालते. परवानाधारक शिकारी मारलेल्या हरणाचे नमुने तपासणीस देतो, कारण ते मांस त्याच्याच घरी शिजणार असते. तेथे हरणाला धनी नसला तरी त्याच्या आरोग्यात स्वार्थ असलेला माणूस आहे. भारताने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी शिकार बंद केली, ते सर्वथा योग्यच झाले. परंतु शिकाऱ्याबरोबर नमुनेही गेले, आणि त्यांच्या जागी दुसरी कोणतीही व्यवस्था उभी राहिली नाही. शिकारी असूनही जो रोग तेथे हाताबाहेर गेला, त्याच्यासारखा एखादा येथे आला तर तो प्रथम कोणाला दिसणार?

दुसऱ्या बाजूने पाहता, या देशाजवळ अभिमानास्पद अनुभवही आहे. बुळकांडी या रोगाने एकेकाळी गोधनाचा संहार होत असे. पशुरोगांच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात एक प्रयोगशाळा स्थापन झाली, ती १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वरला हलविण्यात आली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था वाढली. बुळकांडी गोठ्यात थांबत नसे. १९६८ मध्ये दक्षिणेतील मुदुमलई-बंदीपूरच्या अरण्यात तिने गव्यांचे बळी घेतले. गव्याला लस टोचणे शक्य नव्हते, गाईला होते. गाईगुरांच्या लसीकरणाने रोगाचा मूळ झराच आटविण्यात आला. भारतातील अखेरचा रुग्ण १९९५ मध्ये नोंदला गेला, २००६ मध्ये देश रोगमुक्त ठरला आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून बुळकांडीचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. गोठ्यातील टोचणीने अरण्य वाचले. गोठा आणि अरण्य ही दोन खाती नसून एकाच खात्याच्या दोन बाजू आहेत, असाच याचा अर्थ आहे.

याच नात्याची दुसरी बाजू २०२२ मध्ये दिसली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातून लम्पी चर्मरोगाची साथ राज्यात सुरू झाली आणि ज्या जिल्ह्यांना त्याची सर्वाधिक झळ पोहोचली त्यांत बुलढाणा होता. शासनाने दगावलेल्या दुभत्या गाईसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० रुपये आणि वासरासाठी १६,००० रुपये साहाय्य जाहीर केले. या रकमेकडे केवळ दिलासा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ती माहितीची किंमतही होती. भरपाईसाठी पंचनामा हवा आणि पंचनाम्यासाठी मृत्यू कळविणे आवश्यक. त्यामुळे साथ कोठे पोहोचली याचा हिशेब शासनाला मिळत गेला. त्याच सुमारास राजस्थानातील रानटी चिंकाऱ्यांमध्ये लम्पीचा विषाणू आढळल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदविले. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरिणकुळातील जनावरे. काळवीट, चिंकारा आणि रोही हे गाई-शेळ्यांच्या कुळाचे. म्हणजे ज्यांना आपण सरसकट हरणे म्हणतो, त्यांतील निम्मी आपल्या गोठ्याची भावकीच आहेत.

कायद्याची स्थितीही पाहण्यासारखी आहे. प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने रोगाची खबर देण्याचे कर्तव्य मुख्यत्वे जनावराच्या मालकावर किंवा ते ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर टाकले आहे. वन्यजीव कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार मृत वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता आहे आणि ती हाती आल्यास ४८ तासांत कळविणे बंधनकारक आहे. म्हणजे हरणाचा धनी कायद्याने शासन आहे. परंतु शासन बांधावर नसते, बांधावर शेतकरी असतो. धुऱ्यावर मरून पडलेले हरिण पाहताच त्याच्या मनात येणारा पहिला विचार रोगाचा नसतो, चौकशीचा असतो. आपल्यावरच शिकारीचा आळ आला तर? वीजप्रवाहाचे कुंपण तपासले गेले तर? मग शव नाल्यात ढकलले जाते आणि त्याबरोबर रोगाचा पुरावाही जातो. कायद्याने माहिती मागितली. प्रत्यक्षात मौन स्वस्त झाले.

शासनाच्या हिशेबात वन्य प्राणी येतो तो फक्त नासधूस करणारा म्हणून. पीक, गुरे आणि माणसे यांच्या हानीच्या भरपाईची तरतूद आहे, आणि ती न्याय्यच आहे. रात्रीतून सोयाबीन आणि हरभरा फस्त करणाऱ्या रोह्याविषयी शेतकऱ्याने ममत्व बाळगावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. “मरत असतील तर मरू द्या” ही त्याची प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे. तथापि ती त्याच्याच हिताच्या विरुद्ध आहे. लाळ्या-खुरकूत जसा गोठ्यातून रानात जातो तसा रानातून गोठ्यात परतू शकतो. पाणवठा एक, चारा एक आणि गिधाडे नाहीशी झाल्यापासून शवांवर जगणारी मोकाट कुत्रीही तीच. खुद्द गिधाडांचे उदाहरण बोलके आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे ती मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला. तोपर्यंत तीन जातींची ९५ टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली होती. त्यांनाही धनी नव्हता.

रोगाला तालुक्याच्या सीमा ठाऊक नसतात. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तो बहुतांशी शेतांतून आणि नाल्यांतून. जेथून वाघ जातो तेथून रोगही जाऊ शकतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला आणि ते बर्ड फ्लूचे बळी असल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेने सांगितले. तेथे जनावरे पिंजऱ्यात होती, म्हणून कळले. ज्ञानगंगेच्या दरीतील भेकराचे काय झाले, हे कोण सांगणार?

उपाय खर्चिक नाहीत. वन्यजीव कायद्याच्या ‘३३ अ’ या कलमानुसार अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या परिसरात पाळल्या जाणाऱ्या गुरांच्या लसीकरणाची व्यवस्था करणे हे मुख्य वन्यजीव रक्षकाचे कर्तव्य आहे. मेहकरच्या शेजारी लोणारचे सरोवर २००० सालापासून अभयारण्य आहे आणि लोणार शहर तर त्याच्या काठावरच वसलेले आहे; म्हणजे त्या गावचा प्रत्येक गोठा या कलमाच्या कक्षेत येतो. लोणार आणि ज्ञानगंगा या दोन्ही ठिकाणी दरवर्षी किती गुरे टोचली गेली, याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. दुसरे असे की, मृत वा आजारी वन्य प्राण्याची खबर देणाऱ्यास अल्पसे मानधन तत्काळ मिळावे आणि केवळ खबर दिली म्हणून त्याच्यावर संशय घेतला जाणार नाही, अशी लेखी हमी असावी. तिसरे, पशुधन विकास अधिकारी आणि वनपरिक्षेत्र अधिकारी यांची तालुक्यात एकच नोंदवही असावी. आज एका खात्याला गाय दिसते, दुसऱ्याला हरिण, आणि दोघांमधून जाणारा रोग कोणालाच दिसत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात पदे रिकामी असताना हरणांसाठी पैसा कोठून आणावा, हा आक्षेप पोकळ नाही. परंतु लम्पीच्या एका हंगामात भरपाईपोटी जी रक्कम गेली, तिच्याशी या मानधनाची तुलना करून पाहावी. रोग लवकर कळण्याची किंमत थोडी असते आणि ती दरवर्षी द्यावी लागते. उशिरा कळण्याची किंमत एकदाच द्यावी लागते, पण नॉर्वेला दिसले त्याप्रमाणे ती देऊनही हिशेब मिटतोच असे नाही. शासन हरणाचे धनी म्हणवीत असेल, तर धन्याचे पहिले काम त्यानेच करावे: आपले जनावर आजारी आहे की नाही, याची रोज विचारपूस करावी.