युवराजांचा सत्याग्रह

दिवाळीच्या अंकात फराळावर लिहावे, असा रिवाज आहे. चकली का मोडते, करंजी का फुटते, यावर पानेच्या पाने छापून येतात. पण हा फराळ पोटात गेल्यावर पुढे त्याचे काय होते, यावर कोणी अवाक्षर काढीत नाही! पाकनिपुण भगिनींनी क्षमा करावी, आज मी तो पुढचाच विषय घेणार आहे. कारण ज्या घरात लहान मूल चार-चार दिवस ‘शी’ला बसत नाही, त्या घरात लाडू कोणाच्याच घशाखाली उतरत नाही.

माझी भाची गेल्या मे महिन्यात चिरंजीवांना घेऊन निरवांगीला, आपल्या सासरी आली होती. निरवांगी हे इंदापूर तालुक्यातले नीरेकाठचे गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. लग्नाच्या निमित्ताने मीही तिथे महिनाभर मुक्कामाला होते. चिरंजीव पावणेतीन वर्षांचे, बोलायला पोपट. पण संडासाचे नाव काढले की दाराची चौकट घट्ट धरून ‘नको, नको’ सुरू! डायपर बांधला तर पडद्यामागे उभ्या उभ्या सारे काही होई. तो काढला की राज्यकारभार बंद.

इकडे पुण्यातल्या एका बालवर्गाने सांगून ठेवलेले, की जूनमध्ये मूल डायपरशिवायच आले पाहिजे. मग काय विचारता! आधी चॉकलेटचे आमिष, मग बागुलबुवा, शेवटी धपाटा. युवराजांनी त्याला उत्तर म्हणून सत्याग्रहच पुकारला. चवड्यांवर उभे राहायचे, पाय आवळायचे, तोंड लालबुंद करायचे. बघणाऱ्याला वाटावे, बिचारा जोर करतो आहे; खरे म्हणजे तो सारा जोर आत दाबून धरण्याचा होता! असे पाच दिवस गेले. पाचव्या दिवशी जे झाले त्यात रक्ताची रेघ दिसली आणि पोराच्या किंकाळीने सारे घर गोळा झाले.

सल्ल्यांना तोटा नव्हता. ‘आईनेच लाडावलाय,’ एक म्हणाली. दुसरी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून घेऊन आली. आधीच जिथे दुखते, तिथेच आणखी काही खुपसायचे! तो देठ मी परत पाठवला. रात्री भांडी आवरताना भाची हळूच म्हणाली, “मावशी, सगळे मलाच बोलतात गं.” दुखणे मुलाचे आणि आरोपी आई, हा आपल्या घरांतला जुनाच न्याय आहे.

दुसऱ्या दिवशी इंदापूरला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, “हा हट्ट नाही, भीती आहे. एकदा खडा होऊन दुखले, ते मुलाच्या लक्षात राहते. म्हणून ते धरून ठेवते. धरले की आत मळ आणखी सुकतो, मोठा होतो आणि जास्त दुखतो. हे चक्र महिनोन्महिने चालले तर आतडे ताणून सैल पडते, मुलाला लागलेले कळेनासे होते, नकळत कपडे भरतात आणि लोक मुलाला घाणेरडे म्हणतात.” त्यांनी मळ मऊ करणारे औषध दिले आणि बजावले, की दोन दिवस बरे गेले म्हणून बंद करू नका, मी सांगेन तोवर चालू ठेवा. युवराज दिवसाला लिटरभर दूध पीत. दुधाने पोट भरे आणि भाजी-फळांना जागाच उरत नसे. दूध निम्म्यावर आणले. पपई, पेरू, भाजी, पाणी वाढवले. आणि शेवटी काय सांगितले असेल? डायपर परत द्या! आधी दुखणे जाऊ द्या, शिकवणे मागाहून.

दुखणे गेले, तरी भीती उरलीच. ती काढली भाचीच्या आजेसासूबाईंनी. आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता तो प्रश्न त्यांनी विचारला : “बाळा, तिथं काय हाय रं?” युवराज कुजबुजले, “भोकात मी पडेन.” आजींनी त्याच्या हाती तांब्या दिला, लिंबाचा पाला भांड्यात टाकायला लावला, पाणी ओतायला लावले. पाला गेला, युवराज जागच्या जागी! मग रोज जेवणानंतर त्या परसात पाय पसरून बसत आणि त्याला आपल्या पावलांवर उकिडवे बसवीत. आपल्या आज्या तान्ह्या बाळांना बसवीत, तसेच. काही झाले तर झाले, नाही तर गोष्ट सांगून उठत. पुढे पावलांऐवजी प्लॅस्टिकचे भांडे आले, आणि ते भांडे हळूहळू संडासाच्या दाराशी सरकले. तीन आठवड्यांनी युवराज स्वतःहून आत गेले.

त्या पायांवर बसण्यात शास्त्र आहे. पावले टेकलेली आणि गुडघे वर असले, की आतला मार्ग सरळ होतो. उंच कमोडवर पाय लोंबकळत असताना मुलाने जोर कुठून लावावा? पुण्याला भाचीने कमोडवर लहान कडे बसवले आणि पायांखाली देव्हाऱ्याजवळचा पाट ठेवला. बालवर्ग ऑगस्टमध्ये सुरू झाला. आभाळ काही कोसळले नाही.

घाई कशाला करायची? १९६२ साली अमेरिकेतल्या डॉ. ब्रेझल्टन यांनी १,१७० मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. मुलाच्या कलाने घेतले असता दिवसाची सवय सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांनी लागली. सरासरी म्हटली की कोणी आधी, कोणी नंतर.

आणि आपण मोठी माणसे तरी कुठे एका हाकेत तयार झालो? गावोगाव नव्या संडासांत सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या मी पाहिल्या आहेत. कणकवलीला आप्पासाहेब पटवर्धनांनी लोकांना परवडतील, वापरता येतील असे संडास घडवले. आपल्याच जिल्ह्यातल्या देहूला डॉ. मापुसकरांनी त्यापायी आयुष्य वेचले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मोठ्यांसाठी इतकी वर्षे समजूत घालावी लागते, आणि पावणेतीन वर्षांच्या जिवाने मात्र जूनच्या आत शिकावे!

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. मूल जन्मापासूनच कुंथत असेल, पोट फुगत असेल, उलट्या होत असतील किंवा रक्त दिसत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. आणि लहानाच्या ‘शी’ने काय होते, असे म्हणून ती उकिरड्यावर टाकू नका, रोग तिच्यातूनही पसरतात. ती संडासातच जावी आणि हात साबणाने धुवावेत.

बाकी, भाऊबिजेला आलेली पाहुणी ‘अजून शिकला नाही?’ असे विचारील, तेव्हा मुलाकडे पाहू नका, पाहुणीला चहा विचारा. शिकेल तो. त्याच्या पायांखाली पाट आहे ना, एवढे फक्त आपण पाहावे.