मुदतीचा नियम

पोशाख बदलणे वरवर सोपे. अंगवळणी पडलेली प्रतिष्ठा उतरवणे मात्र कठीण. १८८८ साली शिक्षणासाठी लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींनी बाँड स्ट्रीटवर १० पौंडांचा सूट शिवून घेतला, १९ शिलिंगांची उंच हॅट घेतली. टाय बांधण्यात आणि भांग पाडण्यात आरशासमोर रोज १० मिनिटे जात.

१९२१ साली प्रश्न उलटा झाला. खादी घेण्याइतके पैसे आमच्यापाशी नाहीत, असे गरीब माणसे त्यांना सांगू लागली. सदरा व टोपी सोडावी, असे त्यांच्या मनात पूर्वी दोनदा आले होते. एकदा खुलन्याच्या दुष्काळात, एकदा मौलाना महंमद अली यांच्या अटकेनंतर. दोन्ही वेळा पाऊल अडखळले. अखेर २२ सप्टेंबर रोजी मदुराईत त्यांनी केवळ पंचा नेसला. हा निश्चयही प्रथम ३१ ऑक्टोबरपर्यंतचाच होता. मुदत संपली, पंचा राहिला. १९३१ साली त्याच वेषात ते बकिंगहॅम राजवाड्यात गेले.

श्रावकाच्या चौदा नियमांत वस्त्राची मर्यादा आहे, आणि तीही एका दिवसापुरती, रोज नव्याने घ्यावयाची. आजन्म त्यागाच्या कल्पनेने मन बिचकते. आजच्या दिवसाला ते सहज कबूल होते. भरलेल्या कपाटापुढे उभ्या असलेल्या गृहस्थाने एवढेच ठरवावे: आज इतकी वस्त्रे, अधिक नाही. उद्याचा हिशेब उद्या.