गुण कोणी द्यायचे?

बीबीसीवर २०१४ मध्ये ‘द ग्रेट इंटिरियर डिझाइन चॅलेंज’ सुरू झालं. हौशी डिझायनर, लोकांची खरीखुरी घरं, हातात ४८ तास आणि १,००० पौंड. घरमालक आपल्याला काय हवं ते सांगायचा, परीक्षक तेही बघायचे. पण पुढच्या फेरीत कोण जाणार हे तेच ठरवायचे. माझा आक्षेप इथेच आहे. परीक्षकांच्या नजरेत भरायचं तर काहीतरी हटके करावंच लागतं. ते खोली बघून निघून जातात, राहायचं असतं मालकाला. आमच्या हॉलमधली आजीची वेदी अशा स्पर्धेत आधी हलवली जाईल. रोज संध्याकाळी तिथे रोझरीला कोण बसतं, हे ४८ तासांत कळणार कसं? स्पर्धा जरूर घ्या, पण निम्मे गुण घरच्यांना द्या, तेही सहा महिने राहून झाल्यावर.