आईची सोय



आम्ही लग्न केले नाही. उणकलात कर्ज काढून घर घेतले. सोबत म्हातारी आई असते. परवा विम्याचे कागद काढले, तर नॉमिनी म्हणून अजून दिवंगत वडिलांचेच नाव! शिवाय विमा होता तो फक्त मरणाचा. एकट्या माणसाला आजारपण आधी गाठू शकते. मग पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. गंभीर आजाराच्या विम्यात यादीतल्या आजाराचे निदान झाले की ठरलेली रक्कम एकदम मिळते. मात्र यादी, प्रतीक्षाकाळ आणि निदानानंतर ठरावीक दिवस हयात असण्याची अट वाचून घ्यावी. आयुर्विमा कर्ज फिटून आईला पुरेल एवढा असावा.

आणि घर? अविवाहित, निपुत्रिक ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि वडील हयात नसले, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने आईला एका भावंडाइतकाच वाटा मिळतो. म्हणून मृत्युपत्रही हवे.

काहीजण याला अविश्वास म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. क्रुसावरच्या वेदनांतही प्रभूने आईला प्रिय शिष्याच्या स्वाधीन केले (योहान १९:२६-२७). तिला उघड्यावर सोडले नाही.

या रविवारी मिस्साहून परतल्यावर आपणही कपाटातले ते कागद काढू या.